कोल्हापुरातून सकाळी निघून रात्री घरी: पन्हाळा-जोतिबा झालं, आता कुठं?

राजारामपुरीकर

घरी पाहुणा आला की आमचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी अंबाबाई, मग मिसळ, दुपारी पन्हाळा, उतरताना जोतिबा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. मुक्काम लांबला तर कणेरी मठ. पाहुण्यांचं सोडा, आता आमचीच पोरं म्हणतात, "परत तीन दरवाजा?"

गाडी लहान आहे, खड्ड्यात पोट घासतं. माणसं पाच: आम्ही दोघं, दोन पोरं (थोरली सातवीत, धाकटा तिसरीत) आणि माझी आई. आईचे गुडघे दुखतात, म्हणून चढण नको. सपाटीवर मात्र ती आम्हा सगळ्यांना मागं टाकते. मुक्काम करायचा नाही. नाष्टा करून निघायचं आणि रात्री जेवायला घरी.

व्हिडिओंत 'अपरिचित ठिकाणं' म्हणून तेच चार धबधबे दाखवतात आणि रविवारी तिथं गाड्यांची रांग लागलेली असते. आपल्या जिल्ह्यात निवांत बघण्यासारखं अजून काही शिल्लक आहे का? स्वतः बघितलेलं सांगा, फॉरवर्ड नकोत.

कटवाला

मिसळ खाऊन निघायचं, मग कुठंबी जावा. दिवस सत्कारणी.

पाणलोट

माझी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, त्यामुळं रस्त्यांपेक्षा नद्या जास्त पाठ आहेत. म्हणून यादी देण्याआधी एक सांगतो: ठिकाण धरून निघू नका, नदी धरून निघा.

आपला जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडं उतरत येतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, सगळ्यांचा उगम घाटमाथ्यावर. बोटं तळव्याला मिळावीत तशा पहिल्या चार प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र येतात आणि तिथून पुढं पंचगंगा. जुने रस्ते बहुतेक या नद्यांच्या कडेनंच गेलेत. एका खोऱ्यात राहिलात तर तासाभरात कुठल्या कुठं पोचता. या खोऱ्यातून त्या खोऱ्यात शिरायचं म्हटलं की मधली डोंगररांग आडवी येते. नकाशावर शेजारी दिसतं म्हणून लोक सकाळी गगनबावडा आणि दुपारी दाजीपूर असा बेत करतात, आणि दिवस स्टेअरिंगवर काढून घरी येतात.

पहिली फेरी अर्ध्या दिवसाची करा. प्रयाग चिखली शहराला लागूनच आहे, तरी कोल्हापुरात जन्म काढलेल्या कितीकांनी पाहिलेली नाही. पोरांना संगमावर उभं करून कुठली नदी कुठून आली ते दाखवा. चार नद्यांचं पाणी डोळ्यांना दिसतं, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. भूगोलाचं पुस्तक तिथं उघडं पडलेलं आहे.

मग एक अख्खा दिवस भोगावतीला द्या. राधानगरी साधारण ५०-५५ किलोमीटर. लोक धरणावर फोटो काढून परत फिरतात, पण तिथं बघायचे ते दरवाजे. धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं, त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही, १९२२ साली ते गेले. सांडव्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला आलं की दार आपोआप उघडतं, पाणी उतरलं की आपोआप मिटतं. बटण दाबायला माणूस लागत नाही, वीज लागत नाही. एका दारातून साधारण १४०० क्युसेक पाणी बाहेर पडतं. दर पावसाळ्यात बातमी येते, 'राधानगरीचा सहा नंबरचा दरवाजा उघडला', आणि मग खाली सगळं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची फुटं मोजत बसतं: ३९ इशारा, ४३ धोका. ती बातमी जिथून निघते ती जागा पोरांनी एकदा बघावी. पावसाळ्यात जवळ जाऊ देत नाहीत, लांबून बघायचं.

जाता-येता बीडशेडकडं आत वळून बीड गावात थांबा. जुनं गाव आहे, तिथले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, बघण्यासारखे आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली लढाई आणि पडलेला वीर, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय. एकदा हे कळलं की कुठल्याही गावच्या पारावर तुमचं पोरगं वीरगळ शोधत सुटेल आणि तुम्हाला दर गावात गाडी थांबवावी लागेल.

गवा नं. १

राधानगरीला जाताय तर दाजीपूर कसं विसरता! राज्यातलं पहिलं अभयारण्य, १९५८ सालचं. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारसा मिळाला त्यात हेही आहे. पावसाळ्यात जंगल बंद असतं, दिवाळीनंतर जावा. गवा दिसेलच असं नाही, आणि दिसला तर गाडीतून उतरायचं नाही. लांबनं म्हशीगत वाटतो, जवळ आला की तसं वाटत नाही.

शिरोळची सून

पाणलोट काका, तुम्ही नद्या उगमाकडून सांगताय, मी दुसऱ्या टोकाकडून सांगते. आई बरोबर आहेत तर पहिली फेरी कृष्णेकाठीच करा. चढण नाही, देव आहे, खायला आहे.

नृसिंहवाडीला सगळे जातात, तुम्हीही जाऊन आला असाल. पण लोक दर्शन घेतात, कंदी पेढे आणि बासुंदी बांधून घेतात आणि घरी फिरतात. तसंच पुढं कुरुंदवाडवरून खिद्रापूरला जा, तासाभराच्या आत पोचाल. रस्ता ऊसातून जातो. मॅपच्या नादी लागू नका. आमच्याकडं आलेल्या पाहुण्यांना त्यानं पाणंदीत नेऊन घातलं, पुढून बैलगाडी आली आणि गाडी वळवायला जागा नाही. चौकात कुणालाही "कोपेश्वर?" एवढं विचारा, हात दाखवतील.

देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. बाहेरून दगडी रथासारखं भरगच्च दिसतं. आत शिरायची घाई करू नका, आधी एक प्रदक्षिणा घाला. पायथ्याला हत्तींची रांग आहे, सगळं देऊळ जणू त्यांच्या पाठीवर. हत्तीवर कोण बसलंय, अंगावरचे दागिने काय, झूल कशी आहे, प्रत्येकाचं वेगळं. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात. धाकट्याला अख्ख्या सोंडेचा हत्ती शोधायला लावा, अर्धा तास तो तुम्हाला त्रास देणार नाही.

मग स्वर्गमंडप. ४८ खांबांचा मंडप आणि छताला मधोमध गोल उघडा झरोका, व्यास सुमारे १३ फूट. मुद्दाम तसाच ठेवलेला. बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. पावसात पाऊस आत पडतो, उन्हात उन्हाची चकती जमिनीवर पडते आणि सरकत राहते. भोवतीच्या खांबांवर डोळे वर करून बघा, दिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेत.

शिवाच्या देवळात नंदी असतोच ना? इथं नाही. गोष्ट अशी सांगतात, की दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून माहेरी गेली. परत आलीच नाही. म्हणून शंकर इथं कोपून बसला आणि त्याचा कोप शांत करायला शेजारी विष्णू आला, धोपेश्वर म्हणून. गाभाऱ्यात दोन लिंगं दिसतात ती त्यामुळं. आणि नंदी कुठं? नदीपलीकडं कर्नाटकात, यडूरला. गाडीनं वळसा पडतो, पण पोरांना ही गोष्ट सांगितलीत तर ती यडूरला नेल्याशिवाय सोडणार नाहीत, तेव्हा वेळ हाताशी ठेवा.

देवळाजवळच जुनं जैन मंदिर आहे. कोपेश्वर बघून दमलेली माणसं तिकडं फिरकत नाहीत. तुम्ही फिरका.

बायकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. स्वच्छतागृहाचं काम वाडीतच उरकून घ्या, पुढच्या सोयीवर विसंबू नका. आणि महिना बघून या. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही आमच्या दारात असतात. २०१९ चा पूर ज्यांनी शिरोळात बघितला त्यांना मी काय सांगायचं.

राजारामपुरीकर

ताई, हे एकदम आईच्या पसंतीचं. तिला वाडी हवीच होती. दिवाळीनंतरचा रविवार ठरवतो.

नक्षत्रवेडा

त्रिपुरारी पौर्णिमेला खिद्रापूरला चंद्र बरोबर त्या झरोक्यावर येतो म्हणून हल्ली रात्री खूप गर्दी होते. लोक चमत्कार म्हणतात, पण त्यातलं गणित जास्त सुंदर आहे. खिद्रापूर साधारण साडेसोळा उत्तर अक्षांशावर. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १५ ते २० अंश असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या अगदी समोर, म्हणजे उत्तरेला साधारण तेवढाच. मग मध्यरात्री तो खिद्रापूरच्या जवळजवळ डोक्यावर येणारच. दर वर्षी काही अंशांचा फरक पडतो, कारण चंद्राची कक्षा थोडी कलती आहे.

याच हिशेबानं थंडीतल्या दुपारी उन्हाची चकती मधल्या शिळेवर न पडता उत्तरेकडं सरकलेली दिसेल. सूर्य बरोबर माथ्यावर आपल्याकडं मेच्या सुरुवातीला येतो आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. सातवीतल्या मुलीला खडूनं चकतीची कड आखू... नको, संरक्षित वास्तू आहे. मोबाइलवर दर दहा मिनिटांनी फोटो काढायला सांगा.

पाणलोट

वा! माझ्या इतक्या चकरा झाल्या, हे कुणी सांगितलं नव्हतं.

बुलेटराजा

तुम्ही सगळे देवळं आणि धरणं सांगताय, पोरं कंटाळतील. मसाई पठारला जावा. पन्हाळ्याच्या पुढं. गाडी थेट पठारावर जाते, पाहिजे तिथं लावा, डबा खावा, सनसेट बघा. एकच नंबर.

घाटवाट

@बुलेटराजा, जाते म्हणून न्यायची का? मसाईचं पठार जांभ्याचं आहे. वर मातीचा थर जेमतेम वीतभर, कुठं कुठं तेवढाही नाही. सप्टेंबरात जी फुलं येतात ती त्या थरावर आणि दगडातल्या डबक्यांत. एकदा चाकोरी पडली की पाणी तिच्यातूनच वाहतं, माती धुऊन जाते, पुढच्या वर्षी तिथं नुसता खडक. आता ते संवर्धन राखीव आहे. गाडी कडेला लावा आणि चालत जा. सपाटी आहे, काकूंनाही जमेल.

आणि पोरं कंटाळतील म्हणता, तर त्यांना सांगा की १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून पन्हाळ्यावरून निघाले ते याच पठारावरून विशाळगडाकडं गेले. भर पावसात, रात्री, चिखलातून. पुढं बाजीप्रभूंनी खिंड लढवली. दिवसाउजेडी पठारावर उभं राहून पश्चिमेला बघितलं की ती वाट किती लांब आहे ते कळतं. पठाराच्या पोटात पांडवदरा म्हणून लेणी आहेत, तीही कुणी बघत नाही. पन्हाळा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत. तेव्हापासून वर गर्दी वाढली. मसाईवर अजून शांतता आहे, ती गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमनं घालवू नका म्हणजे झालं.

बुलेटराजा

बरं बाबा, कडेला लावतो. एवढं काय.

घाटवाट

राग नाही भावा. पण साताऱ्याच्या कास पठाराला गर्दीमुळं कुंपण घालावं लागलं, ती वेळ आपल्यावर नको.

आता पाणलोट साहेबांच्या नदीच्या नियमावर माझी हरकत. नियम चांगला आहे, पण हातकणंगले तालुक्यातलं निम्मं बघण्यासारखं डोंगरात आणि माळावर आहे, नदीकाठी नाही. आळत्याजवळचं रामलिंग घ्या. गुहेतलं शिवमंदिर, भोवती झाडी, उन्हाळ्यातही गार. तिथून कुंभोजचा बाहुबली डोंगर जवळ. २८ फुटी संगमरवरी मूर्ती, पायाला आणि हाताला वेली वेढलेल्या. तप करता करता वेली चढल्या तरी हलला नाही, ही गोष्ट पोरांना सांगायची. डोंगरावरच्या मंदिरांना पायऱ्या आहेत, तिथं काकूंनी खालीच थांबावं.

आणि माणगाव. १९२० च्या मार्चमध्ये, २१ आणि २२ तारखेला, तिथं बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर, वय अवघं २८. शाहू महाराज स्वतः आले आणि हाच तुमचा खरा पुढारी असं सगळ्यांसमोर सांगून गेले. महाराष्ट्राच्या इतिहासाला वळण देणारी जागा शहरापासून एवढ्या जवळ, आणि आपल्यातले किती जण गेलेत? स्मारक आहे. तासाभराचं काम, पण सातवीतल्या मुलीला दाखवायलाच हवं.

पाणलोट

हरकत मान्य. तरी त्या दिवसाचा शेवट तुम्ही पंचगंगेवरच करणार, बघा.

काकवी

हिवाळ्यात निघणार असाल तर गुऱ्हाळ सोडू नका. गगनबावड्याच्या रस्त्याला कळ्याकडं जाताना धुराचे लोट दिसतील तिथं आत वळा. आधी विचारा, "बघू का?" सहसा नाही म्हणत नाहीत, उलट रस पाजतात.

माझं माहेर गुऱ्हाळवाल्यांचं, म्हणून थोडं लांबवते. चुलवाणावर काहिल, म्हणजे मोठी पसरट कढई, चढवलेली असते, रस उकळायला लागला की वर मळी येते. भेंडीची झाडं ठेचून त्यांचं चिकट पाणी रसात घालतात, त्यानं मळी वर गोळा होते आणि झाऱ्यानं काढून टाकतात. जळव्या खाली बसून चुलवाणात चिपाडं सारत असतो. जाळ कमी-जास्त झाला की वरचा गुळव्या ओरडतो. सगळं गुळव्याच्या नजरेवर. थर्मामीटर नाही. थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटात वळून बघतो, गोळी झाली की काहिल उतरवायची हाक देतो. मग चार माणसं मिळून काहिल वाफ्यात ओततात, त्या क्षणाला पोरांना मागं धरा. त्याच्या जरा आधी जी निघते ती काकवी. गरम काकवी आणि भाकरी, नाही तर नुसती वाटीत. आमच्या लहानपणी ३० किलोचे रवे निघायचे, आता एक-एक किलोच्या ढेपा.

गूळ घेताना एक सांगते. पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. नैसर्गिक गूळ काळपट तांबूसच असतो.

कटवाला

काकवीताई, भूक लागली. पत्ता टाका.

काकवी

पत्ता कसला, धूर बघून जायचं.

घाटवाट

कळ्याच्या रस्त्याला लागलाच आहात तर पुढं पळसंबे करा. गगनबावड्याच्या थोडं अलीकडं आत वळायचं. ओढ्याकाठी झाडीत अखंड दगडातून कोरलेली छोटी मंदिरं आहेत. बांधलेली नाहीत, उभा दगडच वरून तासत आणलाय. रामलिंग म्हणतात. मोठाल्या शिळा पडल्यात आणि त्यातल्याच काहींचं देऊळ झालंय, शेजारची शिळा तशीच अनगड. पावसाळ्यात ओढा भरलेला असतो आणि दगड शेवाळलेले, काकूंना न्यायचं तर जानेवारीत न्या. गाडीपासून थोडं चालावं लागतं.

गगनबावड्याला पोचल्यावर गगनगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन कोकणाकडं तोंड करून उभं राहा. तिथून खाली करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट उतरतात. उतरू नका, फक्त बघा. घाट उतरलात की दिवस कोकणात गेला.

लेणीप्रेमी

पोहाळे कुणी लिहिलं नाही अजून? जोतिबाच्या अलीकडं, पोहाळे तर्फ आळते. बौद्ध लेणी. मोठा विहार, आत खांब, भोवती भिक्षूंच्या खोल्या, शेजारी स्तूप. जोतिबाला लाखांनी लोक जातात, तिथून इतक्या जवळ असून लेण्यात बऱ्याचदा आपण एकटेच असतो. आईंना जोतिबाला पोचवा, तुम्ही पोरांना घेऊन तासाभरात येता.

शिरोळची सून

आणि पाऊस लागून बेत फिसकटला तर घरी बसू नका. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. त्या टेकडीवर सापडलेला समुद्रदेव पोसायडन, छोटासा ब्राँझचा, थेट रोमन जगातून आलेला, तिथं आहे. पंचगंगेच्या काठी सातासमुद्रापारचा देव! पेट्रोलही लागत नाही.

राजारामपुरीकर

मंडळी, शिरोळची फेरी झाली. ताई, तुमचा शब्दन् शब्द खरा निघाला. आईनं वाडीत दर्शन घेतलं, औरवाडला अमरेश्वरही केलं (तिला माहीत होतं, आम्हाला नव्हतं) आणि खिद्रापूरला गेल्यावर आमच्याआधी प्रदक्षिणा सुरू केली. धाकट्याला अख्ख्या सोंडेचे हत्ती सापडले, त्यावरून बहिणीशी भांडणही झालं. थोरलीनं चकतीचे फोटो काढले. नक्षत्रवेडा, चकती खरंच शिळेच्या उत्तरेला होती, ती शाळेत सांगणार आहे.

यडूरला जायचं राहिलं, कारण जयसिंगपूरला भडंग घ्यायला थांबलो होतो. बायको म्हणते नंदीसाठी परत जायचंच आहे, तेव्हा भडंगाचंही बघू.

आता दक्षिणेचं सांगा. भुदरगड की गडहिंग्लज?

पाणलोट

वेदगंगा की हिरण्यकेशी, असं विचारा.

वेदगंगेला गारगोटीपर्यंत रस्ता चांगला आहे. भुदरगडावर गाडी वरपर्यंत जाते, आईंसाठी हाच किल्ला. वर तळं आहे, दूधसागर. पाणी गढूळ पांढरट असतं, नावाला साजेसं. भैरवनाथाचं देऊळ आहे, तटावरून चौफेर मुलूख दिसतो. तसंच पुढं वेदगंगेच्या उगमाकडं पाटगाव. मौनी महाराजांचा मठ, दक्षिणेच्या मोहिमेआधी शिवाजी महाराज तिथं दर्शनाला आले होते असं सांगतात. हल्ली पाटगाव मधाचं गाव म्हणून नावारूपाला आलंय. मधपेट्या ठेवलेल्या असतात, गावातूनच मध घ्या. पुढं रांगणा आहे, पण तो चालणाऱ्यांचा किल्ला, या फेरीत नको.

एक सूचना. जून ते सप्टेंबर निघालात तर सकाळी बंधाऱ्यांची बातमी बघूनच निघा. आपल्याकडचे बंधारे, ज्यांना देशभर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणतात, त्यांच्यावरूनच खेड्यातले निम्मे रस्ते जातात. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात आणि पूर आला की पाणी बंधाऱ्यावरून जाऊ देतात, रचनाच तशी आहे. बंधारा पाण्याखाली गेला म्हणजे तो बिघडला असं नाही, पण तुमचा रस्ता मात्र गेला. वरून घोटाभर पाणी दिसलं तरी गाडी घालायची नाही. गावातला पोरगा दुचाकी घालतो, त्याला खालचा रस्ता पाठ असतो.

गडहिंग्लजकर

भुदरगड चांगलाच आहे, पण आमच्याकडं कुणी येत नाही हे दुःख आहे, म्हणून लिहितो.

सामानगड. गडहिंग्लजपासून जवळ, गाडी वर जाते, चढण नाही. किल्ला फार उंच नाही, पण पसरलेला. बघायची ती सात कमानींची विहीर. खडक फोडून खाली खाली पायऱ्या उतरवल्यात आणि डोक्यावर एकामागून एक कमानी. वर ऊन रणरणतं आणि प्रत्येक कमानीगणिक हवा गार होत जाते. काकूंनी दोन-तीन कमानींपर्यंत उतरावं, पुढं पायरी उंच आहे. १८४४ चं गडकऱ्यांचं, म्हणजे किल्ले राखणाऱ्या शिपायांचं, बंड इथूनच उठलं. शाळेच्या पुस्तकात १८५७ असतं, हे नसतं.

मग नेसरी. २४ फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर आणि सहा स्वार बहलोल खानाच्या फौजेवर चालून गेले ती खिंड. स्मारक आहे, बाग आहे, पोरांना पळायला जागा आहे. तिथून आजऱ्याला जा. हिरण्यकेशीच्या पात्रात रामतीर्थ. नदी खडकांवरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरते, काठाला देऊळ. पावसाळा संपता संपता सगळ्यात देखणं. पाण्यात उतरायचं नाही, खडक बुळबुळीत आहेत.

घरी नेण्यासाठी आजरा घनसाळ तांदूळ. भात शिजला की शेजारी विचारायला येतात. आणि हिवाळा सरता सरता आलात तर गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरची. तुमच्या काकूंना भाव करता येत असेल तर वर्षाची चटणी सुटली.

राजारामपुरीकर

आई म्हणते मिरची असेल तर भुदरगड पुढच्या वेळी. फेब्रुवारीत निघतो. जाताना कुठून, येताना कुठून? अंधार पडायच्या आत हायवे गाठता येईल का?

गडहिंग्लजकर

जाताना हायवेनं निपाणी, संकेश्वर आणि तिथून उजवीकडं गडहिंग्लज. मिरची सकाळीच बघा, दुपारी चांगला माल राहत नाही. मग सामानगड, जेवण गडहिंग्लजात, नेसरी, आजरा. येताना आजऱ्यावरून उत्तूर करत निपाणी, म्हणजे गेल्या वाटेनं परत फिरावं लागत नाही. सकाळी सातला घर सोडलंत तर जमतं, नऊला सोडलंत तर आजरा गाळा.

फेब्रुवारी म्हणजे ऊसतोड चालूच. संध्याकाळी ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. उत्तूरच्या रस्त्याला समोरून एक आला की मागून दुसरा असतो. ओव्हरटेकची घाई करू नका, साडेसहाच्या आत निपाणी गाठा. आणि डिकीत मिरचीसाठी पोतं ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाडीत ठेवलीत तर कोल्हापूरपर्यंत सगळे शिंकत जाल.